जगबुडीनंतरचा माळा

२३ ऑक्टोबर २०७७ च्या सकाळी अमेरिका आणि चीन एकमेकांवर अणुबॉम्ब टाकतात आणि दोनेक तासांत जगाचा निकाल लागतो. बॉस्टनमधली घड्याळं तेव्हापासून नऊ सत्तेचाळीसवर थांबली आहेत. हे सगळं ‘फॉलआउट’ नावाच्या खेळात घडतं, त्यामुळे वाचकांनी लगेच मुदतठेवी मोडू नयेत. पुढे २५ वर्षांनी, म्हणजे २१०२ साली, वेस्ट व्हर्जिनियातल्या एका डोंगराच्या पोटात बांधलेल्या तळघराचं दातेरी पोलादी दार उघडतं आणि आत जपून ठेवलेली देशातली निवडक, हुशार, कर्तबगार माणसं उजाड झालेला देश पुन्हा उभा करायला बाहेर पडतात. त्या निवडक माणसांत मी आहे. तेव्हापासून मला अमेरिकेची काळजी वाटते.

मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. माझा आणि अणुयुद्धाचा संबंध भाच्यानं जोडला. ‘फॉलआउट ७६’ हा या मालिकेतला ऑनलाइन खेळ नोव्हेंबर २०१८ मध्ये आला, तेव्हा लोकांनी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. एप्रिल २०२४ मध्ये याच जगावरची वेब-मालिका आली आणि या खेळात पुन्हा गर्दी उसळली. त्या गर्दीत भाचाही होता. मग नोकरीसाठी बंगलोरला जाताना तो आपला कन्सोल आमच्याकडे ठेवून गेला. जाता जाता म्हणाला, “मावशी, नुसता पडून खराब होईल. अधूनमधून चालू करत जा.” हा नियम स्कूटर, मिक्सर आणि शिलाई मशीनला लागू असतो हे मला माहीत होतं. मी चालू केला.

आधी स्वतःचा चेहरा बनवायचा असतो. नाक ओढून लांब करता येतं, गालफडं आत दाबता येतात, कपाळावर व्रण उमटवता येतात. लग्नाआधी ही सोय असती तर कित्येक मुलींच्या आयांचे कष्ट वाचले असते. मी बराच वेळ खपून एक रुबाबदार, करारी, जरा इंदिरा गांधींच्या वळणावर जाणारी बाई तयार केली. तिचा ओळखपत्रासाठी फोटोही काढला. भाचा फोनवर म्हणाला, “मावशी, चेहऱ्यावर एवढी मेहनत? पुढे चोवीस तास गॅस मास्क घालून फिरणार आहेस.”

गोष्ट सुरू होते ती उशिरा उठण्यापासून. आदल्या रात्री तळघरात निरोपसमारंभ झालेला, सगळे पहाटेच देश उभारायला निघून गेलेले, आणि आपण अंथरुणात. अमेरिकेच्या इतिहासातल्या सगळ्यात महत्त्वाच्या दिवशी नायक झोपून राहिला, ही कल्पना ज्या कुणाला सुचली त्याला मनुष्यस्वभाव कळतो. बाहेरच्या वाटेवर टेबलं मांडून रोबो उभे असतात. फुगे, पताका, टोप्या, सगळा थाट वाढदिवसाचा. एक रोबो औषधाची सुई देतो, दुसरा घर बांधायचं यंत्र देतो, तिसरा नुसतंच अभिनंदन करतो. मग दार उघडतं आणि समोर वेस्ट व्हर्जिनिया.

मी राखेचे ढिगारे आणि काळं आकाश पाहायच्या तयारीत होते. समोर शरद ऋतू होता. डोंगरभर लाल, नारिंगी, पिवळी झाडं, खाली नदी, आणि दरीत एक हरीण उभं. हरणाला दोन डोकी होती हे जवळ गेल्यावर कळलं. अपलाचिया म्हणतात तो हा मुलूख. खाणींचा, डोंगराळ आणि गरीब. या मुलखावर थेट बॉम्ब फारसे पडले नाहीत, त्यामुळे रानं टिकली अशी खेळातली समजूत. माणसं मात्र टिकली नाहीत.

२०१८ मधल्या शिव्यांचं कारण हेच होतं. पहिली दीड वर्षं या जगात खेळणारे सोडले तर एकही जिवंत माणूस नव्हता. होते ते रोबो, राक्षस, प्रेतं आणि ध्वनिफिती. आपल्या तळघराची मुख्य बाई आपल्या आधी बाहेर पडलेली. ती जागोजागी आपलं मनोगत टेप करून ठेवून पुढे गेलेली. प्रत्येक मेलेल्या माणसानं मरण्याआधी सविस्तर रोजनिशी लिहिलेली. फ्लॅटवुड्स हे पहिलंच गाव. तिथल्या चर्चच्या आसपास ‘रिस्पॉन्डर्स’ नावाच्या स्वयंसेवकांचा तळ. पोलीस, अग्निशामक, दवाखान्यातली माणसं, सगळे एकत्र येऊन लोकांना मदत करत होते. ते सगळे मेले, पण त्यांचा प्रशिक्षणवर्ग चालूच आहे. संगणक आपलं नाव नोंदवून घेतो आणि धडे देतो. मेलेल्या संस्थेची सभासद मी याआधीही झाले आहे, पण इतकी तत्पर सेवा कुठे मिळाली नव्हती. एप्रिल २०२० मध्ये कंपनीनं खेळात जिवंत माणसं आणून सोडली. गंमत अशी की नेमक्या त्याच महिन्यात खऱ्या जगात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

आता प्रशिक्षणात काय शिकवलं? मला वाटलं होतं नेम धरणं, दबा धरणं, निदान झाडावर चढणं. पहिला धडा होता पाणी उकळून प्यायचा. नदीवर जायचं, गढूळ पाणी भरायचं, लाकडं गोळा करायची, चुलीवर पाणी उकळायचं. दुसरा धडा स्वयंपाकाचा. म्हणजे अणुयुद्धानंतरचं शौर्य ते हेच होतं. मी हे सगळं कसलीही मदत न घेता पहिल्या फटक्यात केलं. आतापर्यंत हजारो योद्धे या गावात पाणी प्यायला आले असतील, पण ते उकळताना भांडं न करपवणारी मी एकटी, असं माझं मत आहे. खेळात भांडं करपत नाही, असं भाच्याचं म्हणणं.

लढाईचं सांगायचं तर तीही झाली. अणुयुद्ध झालं तर फक्त झुरळं उरतील असं लहानपणी वाचलं होतं. इथली झुरळं उरली तर आहेतच, शिवाय वाढून मांजराएवढी झाली आहेत. पहिलं झुरळ अंगावर आलं तेव्हा माझा हात नकळत पायाकडे गेला. खेळात चप्पल काढून मारायची सोय नाही, ही मोठीच उणीव. पण एका पडक्या घराच्या ओट्यावर मला लाटणं सापडलं. या जगात लाटणं हे अधिकृत शस्त्र आहे. कामाच्या टेबलावर त्याला खिळे ठोकून घेता येतात. भाच्यानं माझ्यासाठी बंदुकांची भलीमोठी यादी पाठवली होती. मी ती बाजूला ठेवली.

खेळाचं खरं तत्त्व भाच्यानं एका वाक्यात सांगितलं होतं. “दिसेल ते उचल.” हे वाक्य ऐकण्यासाठी मी उभा संसार वाट पाहत होते. घरातले सगळे मला आजवर ‘दिसेल ते टाक’ एवढंच म्हणत आले. आमच्या माळ्यावर बंद पडलेला टेबलफॅन आहे, झाकण नसलेला कुकर आहे, कुकर नसलेलं झाकण आहे, आणि कधीतरी लागतील म्हणून ठेवलेल्या दोऱ्या, डबे, बाटल्या आहेत. त्या माळ्याची चेष्टा करून करून नवरा निवृत्त झाला. आणि इथे, २१०२ साली, अख्खं राज्य म्हणजे तोच माळा. टेबलफॅनला इथे सोन्याचा भाव आहे, कारण तो मोडला की स्क्रू निघतात, आणि स्क्रूशिवाय कुठलीही बंदूक सुधारत नाही. टाइपरायटर, कात्री, राखेचं भांडं, चिकटपट्टी, खेळण्यातलं अस्वल, प्रत्येक वस्तूच्या पोटात काहीतरी कामाचं असतं. कचेऱ्यांमध्ये लोक बंदुका शोधतात. मी टेबलफॅन शोधते. एखाद्या सरकारी इमारतीत रांगेनं वीस टेबलं दिसली की माझं काळीज धडधडायला लागतं.

सगळ्यात दुर्मीळ वस्तू कोणती असेल? युरेनियम नाही. डिंक. बंदूक दुरुस्त करायला डिंक, चिलखत जोडायला डिंक, सगळ्या प्रगतीचं घोडं डिंकावर अडतं. तो घरी करता येतो. मका, ‘मटफ्रूट’ नावाचं फळ आणि ‘टाटो’ शुद्ध पाण्यात शिजवले की चांगली खळ होते. टाटो म्हणजे बटाटा आणि टोमॅटो यांचा किरणोत्सर्गानं लावून दिलेला संकर. एकाच झाडाला बटाटा-टोमॅटोचा रस्सा लागतो म्हटल्यावर मला आधी शास्त्रज्ञांचं कौतुक वाटलं. पण त्या जगातल्या सगळ्यांचं मत असं की तो चवीला भयंकर असतो. फोडणी कुणी दिलेली नाही हे उघड आहे. मोहरी या खेळात मला अजून कुठे सापडलेली नाही.

उचलण्याच्या या स्वर्गात एकच पाप आहे, वजन. प्रत्येक वस्तूला पौंडात वजन, आणि आपल्या ताकदीला मर्यादा. ती ओलांडली की धावता येत नाही, नकाशावर बोट ठेवून एका गावाहून दुसऱ्या गावाला क्षणात जाता येत नाही. दर पावलाला धाप. मग अख्खी पाठ वाकवून डोंगर पायी उतरायचा. भाच्यानं एका शनिवारी बंगलोरहून माझ्या खात्यात डोकावून पाहिलं आणि फोन केला.

“मावशी, तुझ्याजवळ नुसते पंखेच किती आहेत?”

“असतील थोडे.”

“शंभर पौंडांच्या वर आहेत! उकडतंय का तुला?”

“लागतील.”

“अगं, मोडून टाक ना. स्क्रू ठेव आणि बाकीचं फेकून दे.”

फेकून दे. हेच ते वाक्य. पोरगं शेवटी घराण्यावर गेलं.

मी ते पंखे मोडत नाही असं नाही. मोडते. पण एखादा चांगल्या स्थितीतला असला की हात धजावत नाही. आणि मेल्यावर काय होतं हे कळलं तेव्हा तर हा खेळ कुणीतरी मला समोर बसवूनच लिहिला असावा असं वाटलं. या जगात मरण तसं किरकोळ आहे, लगेच जवळपास कुठेतरी उठून उभं राहता येतं. बंदुका आपल्यापाशी राहतात, कपडे राहतात, पैसे राहतात. मेल्या जागी पडून राहतं ते फक्त भंगार. यमाला नेमकं माहीत आहे कुठे हात घालायचा. मग दोन डोक्यांच्या श्वापदांतून वाट काढत, जिवाची पर्वा न करता, मी माझ्या सांडलेल्या गाठोड्याकडे धावते. देश उभारायच्या कामात मी एवढी कधी धावले नाही.

सामान ठेवायला एक पेटी असते, तीही भरते. सुरुवातीला ती ४०० पौंडांची होती, तेव्हा लोकांनी एवढा आकांत केला की कंपनीनं ती हळूहळू वाढवत नेली. त्यानंही भागेना. मग ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपनीला एक सत्य उमगलं, जे भारतातल्या प्रत्येक गृहिणीला जन्मतःच ठाऊक असतं. माणूस मौल्यवान वस्तूंसाठी पैसे देईल न देईल, पण भंगार ठेवायच्या जागेसाठी देईलच. महिन्याची वर्गणी भरली की भंगाराला अमर्याद पेटी. दरमहा १३ डॉलरच्या आसपास. जगाच्या पाठीवरचे लोक खरे डॉलर मोजून खोटे टेबलफॅन ठेवतात. मी नवऱ्याला हा आकडा मुद्दाम जेवताना सांगितला. तो ताटातून मान वर न करता म्हणाला, “तू भरलेस का?” या प्रश्नाचं उत्तर देण्याची ही जागा नव्हे.

पैशांचा विषय निघालाच आहे तर बँकेतली बाई गप्प कशी बसेल? त्या जगात चलन म्हणजे ‘नुका-कोला’ नावाच्या सरबताच्या बाटल्यांची बुचं. हसण्यासारखं आहे, पण मालिकेच्या १९९७ सालच्या पहिल्या खेळात कॅलिफोर्नियातल्या व्यापाऱ्यांनी या बुचांमागे पाण्याची हमी ठेवली होती. सोन्याची हमी असलेली चलनं मी परीक्षेपुरती वाचली आहेत. पाण्याची हमी हा उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या कुणालाही त्याहून पक्का पाया वाटेल. रोबो व्यापाऱ्यांच्या गल्ल्यात मात्र रोजची ठरावीकच बुचं असतात. ती संपली की आपण विकायला आणलेलं सगळं घेऊन उभं राहायचं. रोबो अत्यंत नम्रपणे नाही म्हणतो. तो नम्रपणा मला ओळखीचा वाटला. आम्हीही गल्ल्यात रोकड नसली की त्याच सुरात बोलत होतो.

आता गाय. दोन डोक्यांची, गुलाबी कातडीची, चार सडांच्या जागी काय आहे ते नीट न पाहिलेलं बरं अशी गाय. तिचं नाव ‘ब्राह्मिन’. या गाईनं भारतात एकदा इतिहास घडवला आहे. २००८ साली मालिकेतला तिसरा खेळ आला तेव्हा मायक्रोसॉफ्टनं आपल्या एक्सबॉक्ससाठीची प्रत भारतात आणायची नाही असं ठरवलं. कारण दिलं ‘सांस्कृतिक संवेदनशीलता’, त्यापुढे एक अक्षर नाही. बोट कुणी कुठे दाखवलं नाही, पण सगळ्यांच्या नजरा गाईकडे वळल्या. खरी गंमत पुढे आहे. अमेरिकेतल्या मांसल, वशिंडाच्या ब्राह्मन गाई भारतातून नेलेल्या जनावरांपासून पैदास झाल्या. गीर, ओंगोल, कांकरेज, आणि त्यांच्याबरोबर आपली कृष्णाकाठची. म्हणजे खेळातल्या त्या दुडोक्या बाईचं माहेर शोधत गेलं तर सांगली-मिरजेच्या आसपास एखादा गोठा निघायला हरकत नाही. मी तिच्याजवळ गेले. स्क्रीनवर दोन पर्याय आले. एक, दूध काढा. दोन, ढकलून पाडा. उभ्या गाईला ढकलून पाडणं ही अमेरिकेच्या खेड्यांतल्या टग्यांची जुनी, बरीचशी सांगोवांगीची मर्दुमकी, ती खेळवाल्यांनी प्रेमानं घातलेली. मी दूध काढलं. त्या दुधानं अंगातला किरणोत्सर्ग उतरतो. गाईच्या दुधाचे गुण सांगणाऱ्या मंडळींना ही माहिती मी आपणहून देणार नाही, नाहीतर उद्या व्हॉट्सअॅपवर फिरेल.

भाच्यानं मला एका बाबतीत आधीच सावध केलं होतं. ऑनलाइन म्हणजे खरी माणसं, आणि खरी माणसं म्हणजे लुटारू. एका सर्व्हरवर दोन डझन. त्यामुळे नकाशावर एक ठिपका माझ्याकडे सरकू लागला तेव्हा मी पडक्या घरात दडून बसले. आला तो सात फुटी लोखंडी चिलखतातला प्राणी. त्याच्या डोक्यावरचा आकडा सांगत होता की हा माणूस वर्षानुवर्षं दुसरं काहीही करत नाही. मी लाटणं सरसावलं. तो थांबला, बदामाची खूण केली, जमिनीवर एक कागदी पिशवी टाकली, हात हलवला आणि उडून गेला. चिलखताला मागे धूर सोडणारी यंत्रं होती, तेव्हा उडून गेला हे शब्दशः. पिशवीत औषधं, शिजवलेलं अन्न, गोळ्या आणि उकळलेलं पाणी. नंतर कळलं, ही इथली रीतच आहे. नवखा निळ्या गणवेशात दिसला की जुने लोक त्याला शिधा देतात. कुणी सांगितलेलं नाही, बक्षीस नाही, एक शब्द बोलणं नाही. सोसायटीच्या सभेत आमच्या मजल्यावरचे शेजारी एकमेकांशी जे बोलतात ते ऐकता या लोकांना बोलायची सोय कमी ठेवली हेच बरं झालं.

घराचं मात्र तसं नाही. नदीकाठी, डोंगराच्या कुशीत, पूर्वेला तोंड करून मी एक खोली बांधली. मक्याची चार ताटं लावली. दुसऱ्या दिवशी खेळ चालू केला तर संदेश आला की तुमच्या जागेवर आधीच कुणाचं तरी घर आहे, तुमचं उभं करता येत नाही. अख्खं राज्य रिकामं, लोकसंख्या दोन डझन, आणि प्लॉटवरून वाद! माझ्या जागेवर त्यानं तीन मजली निऑन दिव्यांचा इमला उठवला होता आणि दारात विक्रीयंत्र लावून मलाच मका विकायला ठेवला होता. भाव चढा होता. मी घेतला नाही.

या खेळवाल्यांची एक गोष्ट मला फार आवडली. त्यांनी राज्य मनाचं रचलेलं नाही. पॉइंट प्लेझंट हे ओहायो नदीकाठचं खरं गाव आहे. तिथे १९६६ च्या नोव्हेंबरात लोकांनी लाल डोळ्यांचा, पंखांचा माणूस पाहिल्याचं सांगितलं. पुढच्याच वर्षी, १५ डिसेंबर १९६७ ला गावाजवळचा सिल्व्हर ब्रिज पूल कोसळून ४६ माणसं गेली आणि दोन्ही गोष्टी लोकांच्या मनात एकमेकींना चिकटल्या. आता गावात त्या मॉथमॅनचा चकचकीत पोलादी पुतळा आहे आणि दरवर्षी त्याची जत्रा भरते. फ्लॅटवुड्सचंही भूत खरं, म्हणजे १९५२ सालचं. खेळात ही सगळी मंडळी रानात फिरतात. मॉथमॅन मला एकदा झाडाआडून बघत होता. मी पाहिलं तर निघून गेला. संकोची वाटला.

पण भुतांहून भारी गोष्ट हॉटेलाची. ‘व्हाइटस्प्रिंग’ नावाचं एक पांढरंशुभ्र राजेशाही हॉटेल खेळात लागतं. जग संपलं तरी रोबो तिथली हिरवळ कापतात, पाहुण्यांचं स्वागत करतात, आणि गोल्फच्या क्लबात किरणोत्सर्गानं सोलवटलेली, पिसाळलेली माणसं अजून गोल्फच्याच पोशाखात फिरतात. क्लबची वर्गणी आगाऊ भरलेली असणार. हॉटेलाखाली सरकारचं गुप्त तळघर आहे. मला वाटलं, लेखकांनी जरा ताणलं. तसं काही नव्हतं. व्हाइट सल्फर स्प्रिंग्ज गावातल्या खऱ्या ग्रीनब्रायर हॉटेलाखाली अमेरिकी सरकारनं १९५० च्या दशकाच्या शेवटी असंच तळघर खोदायला घेतलं होतं, अणुयुद्ध झालं तर संसदेचे सगळे सभासद तिथे जाऊन बसावेत म्हणून. २५ टनांचं दार, शेकडो खाटा, दोन्ही सभागृहांना बसायला जागा. ३० वर्षं पाहुणे वर नाचत होते आणि खाली संसदेच्या खाटांवरच्या चादरी बदलल्या जात होत्या. तळघर सांभाळणारी सरकारी माणसं हॉटेलात टीव्ही दुरुस्तीवाले म्हणून वावरत, आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून टीव्ही खरोखर दुरुस्तही करत. १९९२ मध्ये वॉशिंग्टन पोस्टनं हे उघडकीला आणलं. आमच्याकडे टीव्ही दुरुस्तीला येतो म्हणून सांगून न येणारा जो माणूस आहे, त्याच्याविषयी माझ्या मनात तेव्हापासून आदर उत्पन्न झाला आहे. त्याच्यावर देशाची केवढी जबाबदारी असेल कुणाला ठाऊक.

बॉम्बची गोष्ट राहिली. ज्यांचा खेळ पुरता मुरला आहे अशी मंडळी क्षेपणास्त्रांच्या तळात शिरून, सांकेतिक आकडे जुळवून, नकाशावर हवं तिथे पुन्हा अणुबॉम्ब टाकू शकतात. जग ज्यामुळे संपलं तेच परत. मी भाच्याला विचारलं, “कशासाठी?” तो म्हणाला, “फुलांसाठी.” खोटं नाही. बॉम्ब पडलेल्या जागी झाडंझुडपं बदलतात आणि त्यांतून एक चमकता अर्क मिळतो, जो भारी बंदुका घडवायला लागतो. सायरन वाजतो, काही मिनिटांची मुदत मिळते, नकाशावर लाल वर्तुळ उमटतं. आणि लोक पळून जायच्या ऐवजी चिलखतं चढवून वर्तुळाच्या कडेला गोळा होतात. धूर जरा निवला की आत शिरून, वाकून वाकून, पानं-फुलं खुडायला लागतात. मी कडेवर उभी राहून पाहत होते. त्यात माझा शिधादाताही दिसला. घाईनं खुडत होता, दुसऱ्यांच्या आधी.

शेवटी मी राजधानीला, चार्ल्सटनला गेले. तिथल्या विधानभवनाच्या इमारतीत गाड्यांच्या परवान्यांचं खातं आहे, आपल्याकडचं आरटीओच म्हणा. एका तटबंदीत शिरायला सरकारी ओळखपत्र हवं होतं आणि ते तिथेच मिळतं. आत शिरेपर्यंत दोन-चार जणांशी हातघाई झाली, लाटण्याचा एक खिळा वाकला. खिडकीशी रोबो कारकून होता. पंचवीस वर्षांत एकही गाडी धावलेली नाही, सरकार नाही, रस्ता नाही, अर्जदार नाही. मी पुढे झाले. त्यानं मला भिंतीवरच्या यंत्रातून नंबराचं तिकीट घ्यायला सांगितलं. मी घेतलं. खोलीत माझ्याशिवाय कुणीही नव्हतं आणि नंबर माझा नव्हता. मी बसले. बाकड्यावर शेजारी एक सांगाडा बसलेला होता. त्याला उठवून काही विचारण्यात अर्थ नव्हता, पण तो माझ्या आधी आलेला असावा हे मान्य करावं लागलं. रोबो कागद सारखे करत होता. मी मनातल्या मनात त्याच्या कामाला गुण देत होते. माझ्या हाताखाली असता तर मी त्याला बढती दिली असती.

बऱ्याच वेळानं त्यानं मान वर केली. माझा नंबर पुकारला. मी उठले, खिडकीपाशी गेले, आणि त्यानं तोंड उघडताच स्क्रीन काळी झाली. जग संपून पंचवीस वर्षं झाली तरी त्या कचेरीतले दिवे चालू होते. गेले ते आमचे. मी बाल्कनीत जाऊन पाहिलं, समोरच्या इमारतीतही अंधार होता. खालून कुणीतरी वर ओरडून विचारत होतं, “तुमच्याकडे आहेत का हो?”